मेंदूचं पॉवर हाऊस बाटलीत मिळत नाही

मागच्या महिन्यात एक काका मुलाबरोबर दवाखान्यात आले. वय ६७. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो आजार. गोळ्यांवर त्यांचं बरं चाललं होतं. स्वतःची दाढी स्वतः करायचे, संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसायचे. या वेळी मात्र मुलाच्या खांद्याला धरून आत आले आणि कपाळावर टाके होते. बाथरूममध्ये पडले होते.

मुलाने पिशवी टेबलावर रिकामी केली. तीन बाटल्या आणि पावडरचा एक डबा. प्रत्येकावर मेंदूचं चित्र आणि त्यातून निघणारी वीज. सगळ्यांचा महिन्याचा खर्च काकांच्या पेन्शनच्या निम्मा. आणि चार वेळा घ्यायची लेव्होडोपाची गोळी दोन वेळांवर आणलेली.

"डॉक्टर, ती गोळी फक्त लक्षणं दाबते ना? मूळ कारण मायटोकॉन्ड्रियात आहे. म्हणून म्हटलं, बाबांच्या मुळावरच उपाय करू."

मुलगा शिकलेला आहे, वडिलांवर जीव आहे त्याचा. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्याला हे वाक्य पाठ करून देणाऱ्यांचा. कारण या वाक्याचा पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. साफ खोटं असतं तर ते कुणी विकत घेतलं नसतं. अर्धं खरं असलेलं मात्र चांगलं खपतं.

आधी खरं काय ते

तुमच्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असतो. पण तुम्ही स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातली सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो. शिवाय त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. रक्तातून साखर आणि ऑक्सिजन सतत येत राहिलं तरच त्याचं काम चालतं. ऑक्सिजन काही मिनिटं थांबला तरी पेशी मरायला लागतात.

आलेल्या इंधनाची वापरता येईल अशी ऊर्जा करण्याचं बहुतेक काम मायटोकॉन्ड्रिया करतात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना तंतुकणिका म्हणून शिकलो. त्या एटीपी नावाचा पदार्थ तयार करतात आणि पेशीचा सगळा कारभार त्यावर चालतो.

आता पार्किन्सन्सकडे येऊ. या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या छोट्या भागातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. तिथल्या एकेका पेशीच्या फांद्या इतक्या पसरलेल्या असतात की तिला लाखो जोडण्या सांभाळाव्या लागतात. साहजिकच तिचा ऊर्जेचा खर्चही प्रचंड असतो. पुरवठ्यात जरा गडबड झाली की पहिला फटका अशाच पेशींना बसणार.

हा नुसता तर्क नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं अचानक लाकडासारखी ताठ झालेली आढळली. बोलता येईना, हलता येईना. म्हातारपणीच्या, खूप वाढलेल्या पार्किन्सन्सचं चित्र, आणि तेही काही दिवसांत! विल्यम लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छडा लावला. या सगळ्यांनी हेरॉइनसारखं एक बनावट नशेचं द्रव्य टोचून घेतलं होतं आणि ते बनवताना त्यात एमपीटीपी नावाची भेसळ तयार झाली होती. १९८३ मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढे कळलं की एमपीटीपीपासून मेंदूत एक विष बनतं, ते नेमकं डोपामिनच्या पेशींत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जानिर्मितीच्या साखळीची पहिलीच कडी बंद पाडतं.

नंतर १९८९ मध्ये साध्या, वयानुसार होणाऱ्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूतही हीच कडी कमजोर असल्याचं दिसलं. तरुण वयात होणाऱ्या काही आनुवंशिक प्रकारांत बिघडलेली जनुकं सापडली, पार्किन १९९८ मध्ये आणि पिंक-१ २००४ मध्ये. या दोन जनुकांचं एक मोठं काम म्हणजे खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया हुडकून मोडीत काढणं.

अल्झायमर्समध्येही ऊर्जेची गोष्ट आहेच. पीईटी स्कॅन केला तर मेंदूचे ठरावीक भाग साखर कमी वापरताना दिसतात. काही जणांत हे विसरभोळेपणा जाणवायच्याही आधी दिसतं. टाइप २ मधुमेह असणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. यावरूनच २००५ मध्ये 'टाइप ३ डायबिटीस' हा शब्द पुढे आला. तो संशोधकांचा एक विचार आहे, मान्यताप्राप्त निदान नाही. कुणी तुमच्या आईच्या केसपेपरवर असं निदान लिहून दिलं, तर त्याला जरूर विचारा की हे कशावरून.

तर ऊर्जा आणि मेंदूची झीज यांचा संबंध खरा आहे. आता पुढची उडी पाहा.

उडी कुठे मारली जाते

"पेशीत ऊर्जा कमी पडते. या कॅप्सूलमध्ये ऊर्जा वाढवणारा घटक आहे. म्हणून ही कॅप्सूल घ्या."

ऐकायला सरळ वाटतं. पण गावातली डीपी जळाली असेल, तर घरात कितीही जाड वायर टाकली तरी दिवा लागत नाही. या आजारांत इंधन संपलेलं नसतं, यंत्रणा बिघडलेली असते. खराब मायटोकॉन्ड्रिया साफ होत नाहीत, चुकीच्या घडीची प्रथिनं साठतात, सूज असते. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हेही प्रत्येक ठिकाणी स्पष्ट नाही. मरायला टेकलेली पेशी साखर कमी वापरणारच. ती कमी वापरते म्हणून मरते की मरते आहे म्हणून कमी वापरते, हे नुसत्या स्कॅनवरून सांगता येत नाही.

दुसरी अडचण अशी की गिळलेली गोष्ट मेंदूच्या त्या भागात, त्या पेशीत, पुरेशा प्रमाणात पोचायला हवी. रक्त आणि मेंदू यांच्यात कडक पहारा असतो. पोटात गेलेलं सगळं आत सोडलं जात नाही.

तिसरी अडचण वेळेची. हात थरथरायला लागतो तोवर सबस्टॅन्शिया नायग्रामधल्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. मेलेल्या पेशीला ऊर्जा देता येत नाही.

"पण डॉक्टर, करून पाहायला काय हरकत आहे?" असं तुम्ही म्हणाल. करून पाहिलेलं आहे. तेच तुम्हाला कुणी सांगत नाही.

करून पाहिलेलं आहे

काकांच्या पहिल्या बाटलीत कोएन्झाइम क्यू-१० होतं. हे मायटोकॉन्ड्रियात नैसर्गिकपणे असतं, म्हणून आशा रास्त होती. २००२ मध्ये ८० रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासात दिवसाला १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा आजार हळू वाढल्यासारखा दिसला. सगळीकडे बातम्या झाल्या. मग ६०० रुग्णांवर मोठा अभ्यास केला. काहींना १२०० मिलिग्रॅम, काहींना २४००, काहींना नुसतीच खोटी गोळी. फायदा होण्याची शक्यता नाही असं दिसल्यावर तो मध्येच थांबवला गेला. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काकांच्या बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये होते १०० मिलिग्रॅम. बारा आणि चोवीस कॅप्सूलनी जे झालं नाही, ते एकीने कसं होणार?

पावडरच्या डब्यात क्रिएटिन होतं. जिममध्ये जाणारी मुलं घेतात तेच. त्याचा पार्किन्सन्सवरचा अभ्यास १७४१ रुग्णांवर झाला. रोज १० ग्रॅम आणि किमान पाच वर्षं पाठपुरावा, अशी त्याची आखणी होती. तोही फायदा दिसेना म्हणून थांबला. निष्कर्ष २०१५ मध्ये आले.

दुसऱ्या बाटलीत ई जीवनसत्त्व होतं. ८०० रुग्णांवरच्या अभ्यासाने १९९३ मध्येच सांगितलं की पार्किन्सन्सची वाढ ते थांबवत नाही. तुमचा मुलगा शाळेत गेला नव्हता तेव्हाचा हा निकाल आहे आणि बाटली आजही खपते आहे.

मधुमेहावरचं एक्सेनाटाइड हे इंजेक्शनही पार्किन्सन्सवर वापरून पाहिलं. ६२ रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासात २०१७ मध्ये आशा दिसली. २०२५ मध्ये १९४ रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात ती टिकली नाही.

हे वाचून संशोधकांना हसू नका. त्यांनी अंदाज बांधला, माणसांवर नीट तपासला आणि चुकलो हे जाहीर सांगितलं. हजारो रुग्णांनी आपली वर्षं देऊन मिळवलेलं हे उत्तर आहे. ते झाकून ठेवून ८० रुग्णांचीच गोष्ट सांगत राहणं ही त्या रुग्णांचीही फसवणूक आहे.

अपवादही सांगतो. जन्मतःच कोएन्झाइम क्यू-१० तयार न होण्याचे दुर्मीळ आनुवंशिक आजार असतात. त्यांत हे औषध खरोखर उपयोगी पडतं. ते निदान तपासण्यांनी होतं, जाहिरातीने नाही.

"पण तोटा तर नाही ना?"

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. तोटा आहे.

पहिला तोटा काकांच्या कपाळावर होता. लेव्होडोपा कमी केली की हालचाल मंदावते, पाय अडखळतात, माणूस पडतो. ती एकदम बंद केली तर क्वचित प्रसंगी ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. "फक्त लक्षणं दाबते" असं तुच्छतेने म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या शर्टाचं बटण लावायला वीस मिनिटं घालवून पाहावीत. कॅलिफोर्नियातल्या त्या ताठ झालेल्या मुलांना पुन्हा हलता-बोलता केलं तेही लेव्होडोपानेच. "लवकर सुरू केली तर आजार वाढतो, म्हणून शेवटासाठी राखून ठेवा" हेही तपासून झालं आहे. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, लवकर सुरू केल्याने आजाराच्या वाढीत फरक पडला नाही.

दुसरा तोटा औषधांच्या झटापटीचा. काकांच्या तिसऱ्या बाटलीत खाजकुहिलीच्या बियांचा अर्क होता. या बियांत खरोखर लेव्होडोपा असतं, म्हणूनच त्या वनस्पतीचा मी अनादर करत नाही. पण मग ते औषधच झालं ना? प्रत्येक बाटलीत किती हे एकसारखं नसतं. वर गोळी चालूच असेल तर एखाद्या दिवशी डोस जास्त, एखाद्या दिवशी कमी. भास होणं, अंग वेडंवाकडं हलणं, उभं राहिल्यावर रक्तदाब पडणं, हे सगळं होऊ शकतं. क्यू-१० मुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम कमी झाल्याच्या नोंदी आहेत. झडप बदललेल्या माणसाला हा धोका परवडणारा नाही.

तिसरा तोटा पैशाचा. तेवढ्या पैशात काकांना महिन्याचा फिजिओथेरपिस्ट मिळाला असता आणि बाथरूममध्ये धरायला दांडे बसले असते.

अशी बाटली घरात असेल तर आत्ता उलटी करून वाचा. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पूरक आहाराच्या उत्पादनांवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. पुढच्या बाजूला विजेचा लोळ आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात ही कबुली!

आणि दोष एकट्या विकणाऱ्याचा नाही. आम्हा डॉक्टरांचाही आहे. पेशंटला समजावून सांगायला वेळ नसतो, म्हणून चिठ्ठीच्या शेवटी एक 'ब्रेन टॉनिक' लिहून टाकण्याची आमच्यातल्या अनेकांना सवय आहे. पेशंटही खूश, मेडिकलवालाही खूश. पण आमच्या हस्ताक्षरात लिहिलं गेलं की त्या बाटलीला औषधाचा मान मिळतो. तो मान आम्ही द्यायला नको.

मग ऊर्जा गळते कुठे?

मेंदूच्या ऊर्जेची तुम्हाला खरंच काळजी आहे ना? मग ती रोजच्या जगण्यात कुठे गळते ते पाहा.

• साखर घसरणं. आजीला मधुमेह, सकाळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली आणि त्या दिवशी एकादशी. अकरा वाजता आजी घामाघूम, बरळायला लागते. साखर ७० च्या बरीच खाली. मेंदूची ऊर्जा कमी पडणं म्हणजे अगदी शब्दशः हेच. अशा तीव्र प्रसंगांचा पुढच्या डिमेन्शियाशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्या बदलून घ्या. आदल्या दिवशी एक फोन पुरतो.

• रक्तदाब. तो वर्षानुवर्षं वाढलेला राहिला तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि इंधन पोचायची वाटच अरुंद होते. ९३६१ लोकांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, ज्याचे बुद्धीविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, रक्तदाब अधिक काटेकोर ठेवलेल्या गटात स्मृती-बुद्धीच्या सौम्य घटीचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं. डिमेन्शियातही घट दिसली, पण ती ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. हेही सांगायला हवं, नाहीतर मीही त्या बाटलीवाल्यासारखाच झालो.

• बी-१२. शाकाहारी घरांत आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे कमी असू शकतं. त्याने विसरभोळेपणा, पायांना मुंग्या, तोल जाणं असं होतं. रक्ताची एक तपासणी करा. कमी असेल तर भरून काढा, पुरेसं असेल तर उगाच घेऊ नका.

• झोपेतलं घोरणं. रात्री श्वास अडून अडून घोरणाऱ्याच्या मेंदूला ऑक्सिजन पुन्हा पुन्हा कमी मिळतो. त्याची तपासणीही आहे आणि उपायही.

• चालणं. व्यायामाने स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची संख्या वाढते, हे पक्कं ठाऊक आहे. पार्किन्सन्सच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या १२८ रुग्णांवरच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, ट्रेडमिलवर दम लागेल असा व्यायाम सहा महिने केलेल्यांची हालचाल नेहमीसारखं राहणाऱ्यांपेक्षा कमी बिघडली. हाही छोटाच अभ्यास आहे, पण इथे सोबत हृदय, साखर, झोप आणि तोल यांचा फायदा हमखास आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा.

• फवारणी. रोटेनोन हे कीटकनाशक मायटोकॉन्ड्रियाची तीच पहिली कडी बंद पाडतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या, फवारणीची औषधं वापरणाऱ्या लोकांच्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक वापरलेल्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीच पट आढळलं. संबंध दिसला म्हणजे प्रत्येकाला होईल असं नाही. पण पॅराक्वाट आपल्याकडच्या शेतीतही वापरलं जातं. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा आणि फवारणीनंतरची आंघोळ, याबद्दल शेतकऱ्याला किती जणांनी सांगितलं? मेंदूच्या मायटोकॉन्ड्रियाची एवढी काळजी असलेल्या एकाही जाहिरातीत मी हे वाचलेलं नाही. त्यात विकण्यासारखं काही नाही ना!

२०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली. ती सगळी आयुष्यभर सांभाळता आली तर डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत बहिरेपणा आहे, दृष्टिदोष आहे, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठं आयुष्य आहे. त्यात बाटली नाही.

पुढच्या वेळी कुणी बाटली पुढे केली तर

तीनच प्रश्न विचारा. एक, हे माझ्याच आजाराच्या माणसांवर तपासलं आहे का, की उंदरांवर आणि काचेच्या बशीतल्या पेशींवर? दोन, किती माणसांवर, किती दिवस, आणि तुलनेला खोटी गोळी दिली होती का? तीन, त्यानंतर मोठा अभ्यास झाला का, आणि त्यात काय निघालं? उत्तरादाखल 'आमच्या एका पेशंटला खूप फरक पडला' असं ऐकू आलं, तर नमस्कार करून उठा.

काका पुन्हा चार वेळांच्या गोळ्यांवर आले आहेत. गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतात, कारण डाळ-पनीर-अंड्यातली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. ही साधी गोष्ट त्यांना सहा वर्षांत कुणी नीट सांगितली नव्हती. मीसुद्धा नाही. तेव्हा मी केसपेपरवर 'जेवणापूर्वी' एवढंच लिहिलं होतं. बाथरूममध्ये दांडे बसले. मुलगा आता रोज संध्याकाळी त्यांना घेऊन कट्ट्यापर्यंत चालत जातो. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पण दाढी पुन्हा स्वतः करतात.

मुलाने परवा विचारलं, "त्या उरलेल्या बाटल्यांचं काय करू?" मी म्हटलं, दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाक आणि त्या पैशात बाबांना चांगले, न घसरणारे बूट घे.

तुमच्या घरात कुणाला कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर हा लेख वाचून कोणतीही गोळी स्वतःहून सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका. चालू असलेलं सगळं, काढे, चूर्णं आणि बाटल्यांसकट, एका पिशवीत घाला आणि तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकामं करा. त्यांनी वेळ दिला नाही तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.